वरच्या खोलीचं अस्तर

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं ज्याने कोणी म्हटलं, त्याने बांधलेल्या घराला आतून अस्तर लावून पाहिलेलं नसणार. नाहीतर ही म्हण तीन तुकड्यांची झाली असती, आणि तिसरा तुकडा बराच लांबला असता.

अस्तर हा शब्द माझ्या बायकोचा. दुकानात त्याला इन्सुलेशन म्हणतात. बायको फावल्या वेळात शिवणकाम करते, त्यामुळे तिच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूला कापड, अस्तर आणि काज या तीन गोष्टी असतातच. "घराला पत्र्याचा कोट घातलाय, पण अस्तरच लावलेलं नाही. मग टोचणार नाही तर काय होणार?" असं ती आमच्या वरच्या खोलीबद्दल म्हणायची.

ही वरची खोली दिवाणखान्याच्या बरोबर डोक्यावर आहे. लाकडी जिना चढून गेलं की पायाखाली फळ्या, डोक्यावर थेट पत्रा. उन्हाळ्यात तिथे मेणबत्ती काडी न लावता वितळते. हिवाळ्यात बोलताना तोंडातून वाफ येते. त्यामुळे एरवी आम्ही त्या खोलीत फक्त भावना नसलेल्या वस्तू ठेवत आलो. जुने पंखे, माझ्या व्यायामाचं सायकलयंत्र, लग्नात आलेले आणि कोणाला परत देता न आलेले फुलदाण्यांचे जोड, असं सगळं.

आणि आता त्याच खोलीत आत्या राहायला येणार होती.

आत्या म्हणजे माझी आणि माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक आत्या. आई-वडील दोघंही फिरतीच्या नोकरीत, म्हणून आम्हाला तिनेच वाढवलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून तिने उभ्या गावाची बोलणी जोडून दिली, आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर जाऊ दिलं नाही. आता ती राहत होती ती इमारत पाडायला काढली होती, आणि तिला आपल्याकडे नेण्यावरून आम्हा दोघा भावांत रीतसर चुरस लागली होती. म्हातारं माणूस एकमेकांवर ढकलणारी भावंडं पुष्कळ असतात. आम्ही उलटे. आम्ही लहानपणी तिच्या शेजारी झोपण्यावरून भांडायचो, ते भांडण अजून मिटलेलं नाही.

धाकट्याकडे एसी आहे, लिफ्ट आहे. माझ्याकडे पत्रा आहे. पण आत्याची एक अट होती, आणि ती माझ्या बाजूने होती.

"मी कोणाची खोली बळकावणार नाही," ती फोनवर म्हणाली. "धाकट्याकडे गेले तर पोरांना बाहेर झोपावं लागेल. तुझी वरची रिकामी आहे, तिथे येईन. पण बाळ, गेल्या उन्हाळ्यात चार दिवस राहिले तर माझं लोणी झालं होतं. यंदा येते, राहून बघते. वर चैन पडलं तर तुझ्याकडे, नाहीतर गपचूप धाकट्याकडे."

आता गेल्या उन्हाळ्यातल्या त्या चार दिवसांबद्दल थोडं सांगायला हवं. आत्याचं एक तत्त्व आहे. दुसऱ्याच्या संसारात दिवसभर मांडी ठोकून बसायचं नाही. जेवायला खाली यायचं, चहाला यायचं, एरवी आपल्या खोलीत. "ऑपरेटरने लाईनवर असावं, खोलीत असू नये," असं ती म्हणते. पण आमच्या वरच्या खोलीच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी. खाली दिवाणखान्यात कोणी सुस्कारा टाकला तरी वर ऐकू जायचा. आत्या मधे बोलायची नाही. फक्त चुकीची लाईन लागली तर दुरुस्त करायची.

मी पाहुण्यांना माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगत असतो. मी तळ्यात उडी मारून बुडणाऱ्या कुत्र्याला वाचवलं, ती. चांगली गोष्ट आहे. वर्षानुवर्षं घासून मी तिला झकास धार आणलीय. त्या उन्हाळ्यात आमचे मोठे साहेब सपत्नीक आले होते. मी ऐन रंगात आलो होतो. "पाणी डोक्याच्या वर, खाली नुसता गाळ, आणि मी..." एवढं म्हणून मी श्वास घ्यायला थांबलो, आणि छतातून स्वच्छ आवाज आला.

"गुडघाभर!"

साहेबांनी वर पाहिलं. साहेबांच्या बायकोने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मी काहीतरी हसल्यासारखं केलं आणि पुढे जायला लागलो, तेवढ्यात दुसरी दुरुस्ती आली. "आणि कुत्रं आपलं आपण बाहेर आलं. तुला ओढून काढावं लागलं!"

त्या दिवसापासून ऑफिसात कोणी पावसाळ्यात पाण्याचा विषय काढला की सगळे माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. असो. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथे आहे.

आत्या येणार म्हणताच मी अस्तराच्या शोधाला लागलो. आणि शोध म्हटला की पहिला माणूस दारात येतो तो आमचा शेजारी. त्याला सगळी गल्ली तज्ज्ञ म्हणते. त्याचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू होतं आणि कोणाचं तरी नुकसान होऊन संपतं.

"माझा अनुभव सांगतो," तज्ज्ञ म्हणाला. "थर्माकोल. डोळे मिटून थर्माकोल. आमच्या पडवीला लावलाय."

"पण तुमच्या पडवीतला तर उंदरांनी खाल्ला ना?"

"खाल्ला. पण खाईपर्यंत काय गारवा होता!" तज्ज्ञ म्हणाला. "उंदरसुद्धा त्यासाठीच आले होते."

माझ्या मेहुण्याचं मत फोमच्या फवाऱ्याचं होतं. मेहुणा नुसतं मत देऊन थांबणारा नव्हे. तो डबा घेऊनच आला. "भावोजी, नमुना म्हणून खिडकीची एक फट बुजवून दाखवतो," असं म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीशी नळी लावली. पिवळा फेस आला, आणि फुगला. आम्ही वा वा म्हणालो. तो आणखी फुगला. आम्ही जेवायला बसलो तरी तो फुगतच होता. ती खिडकी त्या दिवसापासून उघडलेली नाही. मेहुण्याने काम करताना घड्याळ काढून खिडकीत ठेवलं होतं. तेही आतच आहे. बायको म्हणते, अगदी शांतपणे भांडी घासायला उभं राहिलं तर टिकटिक ऐकू येते.

माझी मुलगी कॉलेजात विज्ञान शिकते. तिचं म्हणणं पडलं की कोणाच्याही मतावर जाऊ नये, प्रयोग करावा. "बाबा, प्रत्येक प्रकारच्या नमुन्यात एकेक डबा गुंडाळायचा, आत बर्फ ठेवायचा आणि वरच्या खोलीत दुपारभर ठेवून बघायचं कुठला टिकतो." मला हे फार शास्त्रीय वाटलं. मी दुकानांतून नमुने जमवले. डबे मात्र घरातलेच वापरले, आणि घरात जेवणाचे डबे एकाच जातीचे आहेत. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला. काचेच्या लोकरीत गुंडाळलेल्या त्या डब्यात स्वच्छ पाणी होतं आणि त्यात बर्फाचा एक छानसा खडा तरंगत होता. हेडक्लार्कने वाकून पाहिलं.

"वहिनी रागावल्यात का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, प्रयोग आहे," मी म्हणालो.

"आमच्याकडे पण असाच सुरू झाला होता," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी आपल्या डब्यातला अर्धा भाग मला दिला. माणूस मोठ्या मनाचा. दुर्दैवाने त्यांनी तो देताना माझ्या डब्याची लोकर बाजूला सारली. काचेची लोकर दिसायला लहान मुलाच्या टोपड्यासारखी मऊ असते, पण ती काच आहे हे तिला कधी विसरता येत नाही. हात धुऊन टेबलाशी बसेपर्यंत हेडक्लार्क दोन्ही मनगटं खाजवत होते. दुपारच्या चहापर्यंत आमचं अख्खं खातं खाजवत होतं. मी सर्वांत जास्त, कारण मी तो डबा बसमध्ये काखेत धरून आणला होता.

तशाच अवस्थेत, तोच डबा काखेत मारून, मी ऑफिस सुटायच्या आत नगरपालिकेत पोचलो. छपराचं काही काम असलं तर परवानगी लागते असं तज्ज्ञाने सांगितलं होतं. त्याच्या सगळ्या अनुभवांत हा एकच खरा निघाला.

खिडकीमागच्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला. "काम आतलं की बाहेरचं?"

"पत्र्याच्या आतून आणि फळ्यांच्या बाहेरून," मी म्हणालो. "म्हणजे मध्ये."

"मध्ये असं काही नसतं."

"पण तिथे पोकळी आहे."

"असेल. आमच्याकडे नाही." त्याने समजावणीच्या सुरात सांगितलं, "हे बघा. काम आत असेल तर परवानगी लागत नाही. पण लागत नाही असं पत्र आमच्याकडून लागतं. बाहेर असेल तर परवानगी लागते, आणि ती आम्ही देत नाही. आता तुम्हीच ठरवा."

मी कपाळाला हात लावला आणि डबा त्याच्या टेबलावर ठेवला. खरं सांगतो, यात माझा काही डाव नव्हता. कारकुनाने कागद पुढे ओढायला डबा बाजूला केला, मग मान खाजवली, मग कोपर खाजवलं, मग चष्मा काढून डोळ्यांची कडा खाजवली, आणि अतिशय संशयाने माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"तेच. मध्ये घालायचं."

त्याने विजेच्या वेगाने 'आत' या शब्दापुढे खूण केली, शिक्का मारला आणि कागद बोटाच्या टोकाने माझ्याकडे ढकलला. "काम चालू असताना मी स्वतः येऊन बघणार," तो खुर्ची मागे सारत म्हणाला. "पण हे घरात असेल तर नाही."

घरी बायकोने मला दाराबाहेरच कपडे बदलायला लावले. काचेची लोकर अशा रीतीने स्पर्धेतून बाद झाली. थर्माकोल उंदरांमुळे बाद, फोम घड्याळामुळे बाद. मुलीच्या प्रयोगातला एक डबा मात्र अप्रतिम टिकला होता, कारण घाईत त्यात बर्फाऐवजी माझं जेवण राहिलं होतं.

मग कोणीतरी एका मोठ्या दुकानाचं नाव सांगितलं. मी बायकोला घेऊन तिथे गेलो. तिथला दुकानदार फार हळू बोलणारा माणूस होता. त्याने माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि कपाटातून एक राखाडी, जाड, घट्ट गादीसारखी वस्तू काढली.

"ही दगडाची लोकर. दगड वितळवून त्याचे धागे काढतात. नीट बसवली की खाजत नाही, जळत नाही, उंदीर खात नाहीत."

"दगडाला लोकर येते, हे फक्त तुम्हालाच पटेल," बायको माझ्या कानाशी लागली.

"आणि एक गुण आहे," दुकानदार म्हणाला. त्याने आपला मोबाइल लोकरीच्या एका पोकळ खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि दुकानातल्या टेलिफोनवरून त्याला फोन लावला. "ऐका."

आम्ही ऐकलं. काही ऐकू आलं नाही. त्याने झाकण उघडलं. मोबाइल जिवाच्या आकांताने वाजत होता. त्याने झाकण लावलं. पुन्हा शांत.

"आवाजपण अडतो," दुकानदार म्हणाला. "छताला लावा म्हणजे खोली गार राहील. आणि खालच्या फळ्यांच्या पोटातही घातलीत, तर वरचं खाली नाही, खालचं वर नाही."

माझ्या डोळ्यांसमोर साहेब आले, साहेबांची बायको आली, तळं आलं. डोक्याच्या वर गेलेलं पाणी आलं, आणि छत मात्र मुकं राहिलेलं दिसलं.

"दोन्हीकडे," मी म्हणालो.

"खाली कशाला?" बायकोने विचारलं. "ऊन तर वरून येतं."

"आत्याला शांत झोप नको?" मी म्हणालो. माझा चेहरा त्या वेळी इतका प्रेमळ झाला होता की बायको पुढे काही बोललीच नाही.

खोलीचं माप तज्ज्ञाने घेतलं. टेप त्याला पटत नाही, तो काठीने मोजतो. त्यामुळे जो माल आला तो पाहता आमच्या घराबरोबर गल्लीलाही अस्तर लागलं असतं. दिवाणखाना छतापर्यंत गठ्ठ्यांनी भरला. सोफा कुठे गेला ते कळेना. येणारे जाणारे गठ्ठ्यांवर बसू लागले, आणि बसल्यावर उठेनात. तज्ज्ञ तर दुपारी तिथेच आडवा होऊ लागला. "माझा अनुभव सांगतो," तो डोळे मिटून म्हणायचा, "हे छताला लावणं म्हणजे नासाडी आहे."

कामाला सुतार आला. कामात चोख, पण पूर्वी न विचारता खिळा ठोकल्याबद्दल कुठलंसं गिऱ्हाईक त्याला इतकं बोललं होतं, की तेव्हापासून तो प्रत्येक खिळ्याआधी "मारू का?" असं विचारायचा. उत्तर मिळेपर्यंत हातोडी हवेत. घरातलं कोणीतरी सतत "मार" म्हणायला लागायचं. माझी मुलगी अभ्यास करता करता म्हणायची, बायको शिवता शिवता. शेवटी शेवटी तर गल्लीतून जाणारी माणसंही म्हणू लागली.

छताचं काम छान झालं. मग खोलीच्या फळ्या उचलून पोटात लोकर भरायला सुरुवात झाली. माझ्या खास अपेक्षा या भागात गुंतलेल्या असल्यामुळे मी देखरेखीला जातीने वर गेलो.

"साहेब, तुळईवरच पाय ठेवा," सुतार म्हणाला. "मधल्या पातळ फळीवर नको. ती खालच्या खोलीचं छत आहे."

"कळतं मला," मी म्हणालो. हे माझं उंचावरचं शेवटचं वाक्य.

कडकड असा आवाज झाला आणि माझा एक पाय जगाच्या दुसऱ्या भागात निघून गेला. मी कमरेपर्यंत फळीत अडकलो. खाली पाय हलवून पाहिला, हवाच लागत होती. माझी चप्पल कोणाच्या तरी अंगावर पडल्याचा आवाज आला. मग खालून एक ओळखीचा आवाज आला.

"परवानगी बघायला आलो होतो."

नगरपालिकेचा कारकून. तो बरोबर माझ्या पायाखाली गठ्ठ्यावर बसून चहा घेत होता.

"या, या," मी वरून म्हणालो. अशा वेळी माणसाने दुसरं काय म्हणावं?

"हे काम," खालून प्रश्न आला, "आत आहे की बाहेर?"

मी वरच्या खोलीतलं माझं वरचं अंग पाहिलं आणि खालच्या खोलीतल्या माझ्या पायाचा विचार केला.

"मध्ये," मी म्हणालो.

कारकून इतका हसला की त्याच्या कपातला चहा गठ्ठ्यावर सांडला. जाताना त्याने माझ्या पायालाच नमस्कार केला आणि कागदावर लिहून गेला, 'समक्ष पाहिले, मध्ये आहे.' तसा रकाना त्याने स्वतःच्या हाताने आखला. मला बाहेर काढायचं ठरलं तेव्हा सुतार करवत घेऊन शेजारी बसला आणि अदबीने म्हणाला, "कापू का?" मी फळीबद्दल आहे ना याची खात्री करून घेतली, मगच हो म्हणालो.

ते भोक सुताराने इतकं सफाईने बुजवलं की दाखवल्याशिवाय कोणाला दिसू नये.

आणि आत्या आली. बाहेर पत्र्यावर कावळा पाय ठेवत नव्हता, इतकं ऊन होतं. आत्याने वरच्या खोलीचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी उभी राहिली. मग तिने हात वर करून छताला लावला. मग गालाला लावला.

"अरे, ही तर विहिरीतल्यासारखी गार आहे!" ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून तोच हात फिरवला. मी त्या एका क्षणात खाज, घड्याळ, पाय, सगळं विसरलो.

त्याच आठवड्यात साहेब पुन्हा आले, सपत्नीक. मी वाटच पाहत होतो. चहा झाला, आणि मी तळ्याला हात घातला. उडी मारली. गाळ आला. "पाणी डोक्याच्या वर," मी म्हणालो, आणि श्वास घ्यायला थांबलो.

वरून काही आलं नाही.

मी आणखी थोडा थांबलो. साहेब माझ्याकडे बघत होते. मी छताकडे बघत होतो. मग मी गोष्ट पुढे नेली, कुत्रं वाचवलं, साहेबांची बायको "बाई, बाई!" म्हणाली. सगळं जसं हवं होतं तसं झालं. पण गोष्ट कशी कोणास ठाऊक अर्धवट वाटली. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "यंदा तुमची गोष्ट काही रंगली नाही हो." मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

त्यानंतर आत्याचं काहीतरी बिनसलं. जेवायला यायची, थोडंसं खायची, विचारायची, "सकाळी काय बोलत होता रे तुम्ही?" आम्ही सांगायचो. पण सांगितलेलं आणि ऐकलेलं यात फरक असतो. मुलीने प्रेमाने तिला वर रेडिओ नेऊन दिला. तो तिने परत खाली पाठवला. "हा माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "हा सगळ्यांशीच बोलतो." मी म्हटलं, "आत्या, तू खालीच बसत जा ना दिवसभर." तर तिने नेहमीच्या तत्त्वाचा डोस पाजला आणि जिना चढून गेली.

एका दुपारी तिने मला वर बोलावलं. बॅग पलंगावर उघडी होती.

"बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. खोली छान आहे. तू केवढा खटाटोप केलास माझ्यासाठी." तिने एक घडी बॅगेत ठेवली. "पण इतकं शांत आहे की मला कळत नाही मी घरात आहे की घराबाहेर. आयुष्यभर कानात माणसं होती रे. इथे बसलं की वाटतं, लाईनच तुटलीय. धाकट्याकडे भिंती कागदासारख्या आहेत म्हणतो. उद्या तो न्यायला येतोय."

तिच्यासाठी म्हणून केलेल्या त्या सगळ्या शांततेचा अर्धा भाग मी माझ्यासाठी विकत घेतला होता, आणि मला तो अजिबात आवडत नव्हता. मी खाली आलो आणि सुतारासाठी निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बाहेर फेरी मारायला गेली तेव्हा सुतार शिडी लावून दिवाणखान्याच्या छताशी पोचला. तज्ज्ञाला कुठून वास लागतो कळत नाही, पण तो हजर होता.

"माझा अनुभव सांगतो, एवढं चांगलं काम उकरू नका."

"कुठे काढू?" सुताराने विचारलं.

जागा शोधायची गरजच नव्हती. आत्याच्या खुर्चीच्या बरोबर खाली माझा पाय आधीच योग्य ठिकाणी पडून गेला होता. मी बोट दाखवलं. सुताराने आपलीच सफाईदार फळी निरखून पाहिली. त्याचा हात धजेना.

"साहेब, काढू का?"

"काढ," मी म्हणालो. बायको म्हणाली, "काढा." मुलगी अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "काढा." सुताराने फळी काढली, आतली लोकर ओढून काढली, भोकाला छान गोल चौकट बसवली. वर आता नुसत्या फटीच्या फळ्या राहिल्या. दुकानदाराला मी फोन करून विचारलं, तर तो हळू आवाजात म्हणाला, "गारवा छताचा आहे, तो कुठे जात नाही. पण आवाज येईल हो."

"येऊ दे," मी म्हणालो.

आत्या आली ती तडक वर जाऊन बॅग भरायला लागली. तिने काही पाहिलं नाही. दुपारी धाकटा आला. चेहऱ्यावर मॅच जिंकल्याचा भाव. "दादा, वाईट वाटून घेऊ नकोस," तो सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला. "शेवटी ज्याच्या त्याच्या घराची बांधणी असते."

"चहा घे," मी म्हणालो. "तोवर एक गोष्ट सांगतो."

"कुत्र्याची? दादा, मी तिथे होतो."

"तरी ऐक." मी उभा राहिलो. बायको हातातली सुई तशीच धरून थांबली. मुलीने वही मिटली. तज्ज्ञ दारातून आत आला. "मी लहान होतो," मी छताकडे तोंड करून सांगायला लागलो. "तळं भरलेलं. कुत्रं मधोमध. कोणाची हिंमत होईना. मी कपड्यांसकट उडी मारली. खाली गाळ, वर पाणी. आणि पाणी किती? पाणी डोक्याच्या..."

मी थांबलो. वर बॅगेच्या चेनचा आवाज येत होता, तोही थांबला. धाकटा माझ्याकडे बघत होता, मग माझी नजर बघून तोही वर बघायला लागला. माझ्या छातीत धडधडत होतं. एवढं तर त्या तळ्यातही झालं नव्हतं.

"डोक्याच्या वर," मी पुन्हा म्हणालो.

"गुडघाभर!" छत कडाडलं.

बायको टाळ्या पिटायला लागली. तज्ज्ञ म्हणाला, "माझा अनुभव..." आणि पुढे काय म्हणायचं ते त्याला पहिल्यांदाच सुचलं नाही. वर फळ्यांवर पावलं वाजली. ती चालत त्या जागेशी आली आणि थांबली. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. कोणीतरी वाकून कान देत असावं, कारण आता बोलणं अगदी जवळून आलं.

"बाळ? ऐकू येतंय का रे तुला?"

"येतंय, आत्या."

"मलाही येतंय," ती म्हणाली. मग पुन्हा तिचा आवाज आला, पण या वेळी एक्स्चेंजमधला नव्हता. आम्ही दोघं भाऊ तिच्या दोन बाजूंना झोपायचो तेव्हाचा होता.

"बरं, कमरेएवढं म्हण. कमरेएवढं असेल, मी लांबून पाहत होते. आणि धाकट्याला म्हणावं, चहा पिऊनच जा. मला बॅग रिकामी करायला जरा वेळ लागेल."